गाडी गळते कुठून

२६ मार्च, बुधवार

ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली होती. इतके दिवस कोरीच पडून होती. आज म्हटलं आपणच बसावं लिहायला, कारण साड्यांना फॉल लावून घ्यायला येणाऱ्या बायका सोडल्या तर दिवसभर माझ्याशी बोलणारं घरात कोणी उरलेलं नाही. माझी लेक रिया सकाळी नोकरीला जाते ती दिवेलागणीला येते. आणि राजेशची वाचा गेली आहे.

राजेश म्हणजे माझा नवरा. तोंडावर अहो-जाहो करते, पण इथं अरे-तुरेच करणार. उखाण्याशिवाय नाव घेतलं म्हणून वहीत कोण रुसणार आहे?

फेब्रुवारीत रियाचा साखरपुडा आमच्या भिसेगावच्या अंगणातच झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत राजेश सकाळी दात घासता घासता मोरीपाशी कोसळला. उजवं अंग लुळं पडलं. बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘नको’. चहा पुढे केला तरी ‘नको’ म्हणतो आणि पिऊन टाकतो. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडात एखादाच शब्द अडकून बसतो, तुम्ही त्याचा अर्थ लावत बसू नका. म्हणून आम्ही लावत नाही.

आज प्रवीणभावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, रजा काढून गाडी त्यानंतर पहिल्यांदाच चालू केली. गाडी म्हणजे आमचा ट्रक. माझ्या लग्नाआधीपासून राजेशकडे आहे, म्हणजे नात्याने माझी थोरली सवत. भावजी साजगावला कंपनीत आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी कशेळ्याकडच्या भट्ट्यांवरून विटांच्या खेपा मारायच्या असं ठरलं आहे. संध्याकाळी परत आले तर इंजिनखाली काळं थारोळं. जुनी गाडी, एरवी दोन-चार थेंब ठिबकायचेच. साखरपुड्याच्या दिवशी तर तेवढेही नव्हते. पाहुणे गाडीला लागून सतरंजीवर बसले होते. आणि आता एकदम हे.

एप्रिलअखेर गाडीचं आरटीओत पासिंग आहे. ऑइल गळणारी गाडी पास होत नाही, आणि इतकी जुनी गाडी एकदा नापास झाली की भंगारवाला दारात उभाच. राजेशचा जीव तिच्यात आहे. ती गेली तर हा अंथरुणातून उठायचा नाही, हे मला कोणा डॉक्टरने सांगायला नको.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. उरलेला झेंडूचा हार गाडीला घातला. राजेशला दोघांनी धरून दारात खुर्चीवर बसवलं. म्हटलं सणाचा दिवस, गाडी चालू झालेली बघेल, बरं वाटेल.

कसलं बरं वाटतंय! भावजींनी किल्ली फिरवली मात्र, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागला. “नको, नको, नको.” मग तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवून नाक-तोंड दाबून धरलं, चेहरा लालबुंद होईपर्यंत. मी हात ओढून काढला. जीव घाबराघुबरा झाला माझा.

“धुराचा त्रास होत असंल दादाला,” भावजी म्हणाले.

तेच असणार. मी ओल्या रुमालाने त्याचं नाक-तोंड बांधलं. त्याने ओढून फेकला. मी परत बांधला, जरा घट्ट. आजारी माणसापुढे आपणच शहाणं व्हावं लागतं.

श्रीखंड दोन चमचे खाल्लं.

२ एप्रिल

सहदेव मिस्त्री येऊन गेले. चारफाट्याला त्यांचं गॅरेज आहे आणि राजेशचे ते जुने दोस्त. आधी आत जाऊन त्याचा हात हातात घेऊन बसले, डोळे पुसले आणि मग गाडीखाली गेले.

“वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय वहिनी, बाकी काय नाय. कडक झालंय. बदलून टाकतो.”

“मग थांबेल ना गळायचं?”

“थांबंल म्हंजे? राजेशची गाडी हाय ही. तुमी निवांत ऱ्हा.”

निवांत राहिले. राजेश मात्र दिवसभर खिडकीकडे तोंड करून नको-नको करत होता.

६ एप्रिल, रविवार

वरचं झाकण कोरडं झालं. आता खालून गळतं आहे, जिथं ऑइल साठतं त्या चेंबरच्या कडेने. शिवाय भावजी म्हणतात, ऑइल मोजायची पट्टी चालत्या गाडीत आपोआप वर येते. कशेळ्याच्या चढाला तर उडून बाहेरच पडली. त्यांनी ती तारेने करकचून बांधून टाकली. हुशार आहेत भावजी, त्यांच्या कंपनीत पण सगळं असंच तारेवर चालत असणार.

९ एप्रिल

मिस्त्रींनी चेंबर उतरवून नवं पॅकिंग घातलं. दिवसभर आडवे पडून होते बिचारे. संध्याकाळी गाडी चालू केली. चेंबर कोरडं. आम्ही चहा घेतो न घेतो तोच मागच्या बाजूने, चाकांकडे जिथं गिअरबॉक्स सुरू होतो तिथून, धार.

मिस्त्री गुडघ्यावर बसून बघतच राहिले. “एक भोक बुजवलं की दुसरीकडनं. आतनं कोनतरी ढकलतंय वहिनी ऑइलला.”

“कोण ढकलणार?”

“इंजिन थकलं असंल. दुसऱ्या कोनाची गाडी असती तर मी धा ठिकानी हात घालून बघितलं असतं. पण राजेशच्या गाडीत कचरा सापडायचा नाय. त्याच्यासारकी गाडी ठेवनारा ह्या कर्जत-खालापुरात मी बघितला नाय.”

मला अभिमान वाटला. रडूही आलं. मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागणार.

१३ एप्रिल, रविवार

आज मी राजेशला रागावले. लिहून टाकते म्हणजे मन हलकं होईल.

त्याला दूध पाजायला चोचीचं भांडं आहे, झाकणाचं. त्याने काय करावं? चपातीचा तुकडा मळून गोळी केली, बसवली चोचीत. आणि भांडं डाव्या हातात धरून मला दाखवत बसला. चोचीकडे बोट, मग खिडकीतून बाहेर बोट, परत चोचीकडे. मी गोळी काढायला गेले तर त्याने भांडं दाबलं, झाकणाच्या कडेने दूध उतू गेलं, चादर, गादी, त्याचा सदरा सगळं भिजलं. आणि हा माझ्याकडे असा बघतोय की जशी काही मोठी करामत केली!

“अन्नाशी खेळता? लहान आहात का तुम्ही?” म्हणून ओरडले. गादी उन्हात टाकली. मागे वळून बघितलं तर तो रडत होता. मग मीही रडले, पण त्याला दिसू दिलं नाही.

रिया म्हणाली, “आई, बाबांना काहीतरी सांगायचं असेल गं.”

मी म्हटलं, “हो, दूध आवडत नाही हे सांगायचं असेल. साखर घाल उद्यापासून.”

१४ एप्रिल

ठरवलं. राजेशला मागच्या खोलीत हलवायचं. गाडीकडे बघून त्याचं डोकं फिरतं. चालू केली की नाक दाबून बसतो, बंद असली की बोटं दाखवतो. मागच्या खोलीतून फक्त शेजारच्यांची शेवग्याची फांदी दिसते. गार आहे, शांत आहे.

नेताना त्याने दाराची चौकट डाव्या हाताने धरून ठेवली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. भावजी म्हणाले, “दादा, तुझ्याच भल्यासाठी रं.”

१७ एप्रिल

मागच्या खोलीचा गुण आला. राजेश शांत आहे. हात बडवणं नाही, नको-नको नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. दिलं तर खातो, नाही दिलं तर मागत नाही. हे आधीच करायला हवं होतं.

मागचं सीलही बसवून झालं. मिस्त्री म्हणतात आता पुढच्या पुलीपाशी ओलसर दिसतंय.

२० एप्रिल, रविवार

मिस्त्रींनी हात टेकले. अंगणात उकिडवे बसून म्हणाले, “वहिनी, खोटं सांगनार नाय. पूर्न इंजिन खोलावं लागंल. बोर करायला लागंल, नव्या रिंगा टाकाव्या लागतील. ह्या वयात तिला ते सोसंल का, मी नाय सांगू शकत. पासिंगच्या आत तर होनारच नाय.”

भावजी बोलायचं टाळत होते, शेवटी बोललेच. “वहिनी, भंगारवाल्याला विचारून ठेवलंय मी. तुमी हो म्हनाल तरच.”

मी दोन दिवस मागितले. कशासाठी मागितले मलाच माहीत नाही. आत जाऊन राजेशच्या पायाला तेल लावत बसले. त्याला काहीच सांगितलं नाही. गाडीची काळजी त्याच्या डोक्यातून निघून गेली आहे तर पुन्हा कशाला घालायची?

२२ एप्रिल, मंगळवार

काही झालं तरी हे आजच लिहिणार.

मिस्त्री दुपारी आले. भंगारवाल्याला हो म्हणायच्या आत एकदा इंजिन उतरवून बघू, त्यासाठी आधी सुटे पाइप काढून ठेवतो म्हणाले. मी ओटीवर शिलाई मशीन चालवत होते. मध्येच गाडीखालून त्यांचा आवाज बंद झाला. बाहेर आले, समोर येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. तळहातावर बोटाएवढी लाकडी खुंटी, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. इतकी सफाईदार, की कोणाच्या हातची आहे ते विचारायला नको.

“इंजिनाचा आतला दाब बाहेर सोडायला एक पाइप असतो वहिनी. इंजिन त्यातनं श्वास सोडतं, जुनं असलं की दोन-चार थेंबबी सोडतं. ह्ये त्याच्या तोंडात होतं, चांगलं आत दाबून. तोंड दाबलं म्हनून ऑइल मिळंल तिथनं बाहेर पडत होतं. सगळ्यात आदी हाच पाइप बघायचा असतो. मी बघितला नाय. राजेशची गाडी म्हनून बघितला नाय.” आणि खाली बसून त्यांनी डोक्याला हात लावला.

मला साखरपुड्याची सकाळ आठवली. मी फरशा धूत होते आणि राजेश गाडीखाली. मी विचारलं, आज तरी काय करताय तिथं? तो म्हणाला, “व्याही पांढरे कपडे घालून येणार, एक थेंब पडायला नको.” रियाच्या सासऱ्यांच्या धोतरासाठी ते बूच. गाडी उभी होती तोवर त्याने काही बिघडत नव्हतं. चालू करायच्या आधी तो काढणारच होता. त्याच्या आतच कोसळला.

म्हणजे तो नाक-तोंड दाबून दाखवत होता ते हे. चपातीची गोळी चोचीत घालून दाखवत होता ते हे. ‘नको’ म्हणत होता तेव्हा त्याला नकोच म्हणायचं होतं. रोज सांगत होता तो, जेवढं अंग शिल्लक आहे तेवढ्याने सांगत होता. मी त्याच्या तोंडाला रुमाल बांधला, त्याला रागावले, आणि शेवटी उचलून मागच्या खोलीत नेऊन टाकलं. आणि इथं वहीत लिहिलं की गुण आला. देवा, काय बाई आहे मी!

खुंटी घेऊन आत गेले. भिंतीकडे तोंड होतं. त्याच्या डाव्या हातात ठेवली. चाचपून बघितली त्याने, आणि वळला. किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी म्हटलं, “मिळालं हो. काढलं. तुम्ही सांगत होतात, मला मेलीला कळलं नाही.” त्याने मूठ मिटली आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. आता दिसलं तर दिसू दे.

२३ एप्रिल, बुधवार

राजेशला परत पुढे आणलं. भावजींनी सुट्टी घेऊन विटांची खेप मारली. आल्यावर मिस्त्रींनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला. आम्ही सगळे तो पुठ्ठा बघत उभे, बाळ बघायला जमावं तसे. कोरडा. रियाने टाळ्या वाजवल्या. मिस्त्री राजेशच्या पाया पडायला गेले तर त्याने डाव्या हाताने त्यांच्या टाळक्यात हलकेच चापट मारली. सगळे हसले. घरात हसण्याचा आवाज झाला आज.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आता मला अक्कल आली आहे. हो असेल तर माझा हात दाबायचा, नाही असेल तर नुसता धरून ठेवायचा. किती साधी गोष्ट! इतके दिवस कोणाला सुचली नाही, मलाही नाही.

“अजून काही सांगायचं राहिलंय का?”

दाबला. चांगला जोरात.

“रियाच्या लग्नाचं?” नुसता धरून ठेवला.

“कुठं दुखतंय?” नाही. “भावजींबद्दल काही?” नाही. “गाडीचं?” नाही, आणि पुन्हा ते अर्धं हसू. “गावच्या घराचं? शेताच्या बांधाचं?” नाही.

मग विचारलं, “माझ्याबद्दल काही?”

दाबला. आणि दाबूनच धरला.

“रागावलात माझ्यावर?” हात सैल पडला. म्हणजे नाही. “मी काही करायला हवंय?” नाही. “काही सोडायला हवंय? मशीन बंद करू?” नाही. “माझी तब्येत? माहेरचं कोणी? आपल्या लग्नातलं काही? तुम्ही काही आणून ठेवलंय का माझ्यासाठी?” नाही, नाही, नाही. एकेका प्रश्नाला तो डोळे मोठे करून वाट बघायचा, आणि मग चेहरा पडायचा. मला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही. एवढी वर्षं संसार केला आणि नवऱ्याच्या मनातला एक शब्द येत नाही! शेवटी तो दमला. पापण्या मिटायला लागल्या, तरी हात सोडेना.

मी म्हटलं, “राहू द्या आता. उद्या सकाळी बसू. मी आठवून ठेवते काय काय विचारायचं ते. कुठं पळून जातंय?”

त्याने हात दाबला.

आता तो झोपला आहे. मी मनात प्रश्न जुळवते आहे. उद्या चहा झाला की पहिलं हेच.

२९ एप्रिल

गुरुवारी सकाळी चहा घेऊन गेले तर राजेश नव्हता. अंग कोमट होतं. डॉक्टर म्हणाले झोपेतच झालं, दुसरा झटका, त्रास झाला नसेल. यापुढे मला काही लिहिता येत नाही.

भावजींनी आज गाडी पासिंगला नेली. सुतकात नेऊ नये असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, न्या, तारीख गेली तर परत मिळायची नाही. पास झाली. अधिकाऱ्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, एवढी जुनी गाडी इतकी कोरडी कशी? भावजी हे सांगताना मध्येच उठून बाहेर गेले.

३ मे, शनिवार

आज दहावा झाला. नदीवर.

आमच्यात बायका घाटावर पुढे जात नाहीत, वर पायऱ्यांपाशी थांबतात. मी पुढे गेले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं हर्षला, इथंच थांब.” मी ऐकलं नाही.

मला माहीत होतं काय होणार ते. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने विचारतो. अमुक राहिलं का रं, तमुक करू का रं, लेकीचं लग्न थाटात करू, आईला सांभाळू. बरोबर प्रश्न आला की कावळा उतरतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी दुपारपर्यंत सगळे ओरडत होते.

म्हणून मी या सगळ्या दिवसांत प्रश्न जुळवले. त्या संध्याकाळी विचारायचे राहिले ते सगळे. रडले कमी, आठवलंच जास्त. पहिल्यांदा भेटलो ते बसस्टँडवरचं, रियाच्या वेळच्या बाळंतपणातलं, माथेरानला जाऊ म्हणाला होता ते, मी एकदा माहेरी निघून गेले होते ते, अगदी मला न आवडणाऱ्या त्या निळ्या साडीचंसुद्धा. म्हटलं, दुपार होऊ दे, संध्याकाळ होऊ दे. कडक ऊन असू दे. मी एकेक करून विचारीन. तो झाडावर बसेल आणि मी खालून विचारीन. एकदा तरी बरोबर येईलच.

प्रवीणभावजींनी पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे सरकले. मी पदर खोचला, दोन पावलं पुढे झाले, तोंड उघडलं.

कावळा आलाच. इकडे तिकडे न बघता सरळ पिंडावर उतरला, चोच मारली आणि घास घेऊन उडून गेला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. भावजी रडत रडत हसले. “वहिनी, बघितलंत? दादाचं काय म्हनून राहिलं नव्हतं. समाधानानं गेला.” जाऊबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, नशीबवान आहेस म्हणाल्या. लोक भराभर पायऱ्या चढायला लागले.

मी तिथंच उभी होते. मी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता.